अंगणात मलबा नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं

४८,५०० रुपये गेले. २०२४-२५ च्या हंगामात आम्ही कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, ६,९०० रुपये क्विंटलनं दिला. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर गाडी घेऊन उभं राहायला घरात माणूस नव्हता. त्या भावानं सात क्विंटल कापूस झाला. ते पैसे भिंतीची ओल काढून देतो म्हणणाऱ्या एका माणसानं एप्रिलच्या दोन दिवसांत नेले.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, विटांचं, काळ्या मातीवर. खाली शहाबादी फरशी, भिंतीला तिचीच चार इंची पट्टी. दोन वर्षांपासून पट्टीच्या वर लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटत होता आणि आतल्या खोलीत कुबट वास यायचा. सासूबाईंना दमा आहे. गावात आता म्हणतात, डोळे झाकून पैसे दिले. नाही दिले. नव्या टाइल्स टाकायच्या आधी पट्टीमागची ओल-बुरशी काढली पाहिजे, हे आम्हाला कळत होतं, म्हणूनच त्या माणसाला बोलावलं. काही कळत नसतं तर सरळ टाइल्स टाकून मोकळे झालो असतो आणि हे पैसे वाचले असते.

नंबर टाइल्सच्या दुकानातून मिळाला. त्यानं ओल मोजायचं, भिंतीला टोचायचं मीटर आणलं होतं. जिथं टोचलं तिथं वाजलं. "वहिनी, मागून पूर्ण काळं होऊन राह्यलं असन. अशीच टाइल टाकली तं दोन पावसाळे नाही टिकत." यात खोटं काही नव्हतं, आणि तिथंच मी विश्वास ठेवला. नंतर कळलं, असं मीटर भिंतीतल्या क्षारांनीही वाजते. लोणा असलेल्या भिंतीत ते वाजणारच.

त्यानं काम सांगितलं तेही बरोबर होतं. पट्टी काढायची, दीड फूट उंचीपर्यंत जुनं प्लास्टर फोडायचं, विटांत ओळीनं भोकं पाडून ओल थांबवणारं केमिकल भरायचं, मग वॉटरप्रूफ प्लास्टर. चिठ्ठीवर लिहून दिलं: १४० फूट, २२० रुपयांनी ३०,८००. बुरशीनाशक ९,७००. भोकं पाडून केमिकल भरणं ८,०००. ३०,००० रोख घेतले. उरलेले १८,५०० फोनवरून टाकायला सांगितले, तेही दुसऱ्याच्याच नावावर. "भाच्याचं खातं आहे." काम करणाऱ्याच्या स्वतःच्या खात्याशिवाय कुठंही पैसे टाकू नका, मग तो भाचा असो की बायको.

आता तो दिवस. मी आणि आमचे हे सकाळी वावरात गेलो, घरी फक्त सासूबाई. दुपारी अडीचला परत आले तर दोन खोल्यांत नवी पट्टी बसलेली, वर पांढरं पुट्टीचं काम गुळगुळीत. अंगणात दोन तगाऱ्या माती होती. दोनच. १४० फूट भिंतीचं दीड फूट प्लास्टर फोडलं तर अंगणात ढीग पडतो, ट्रॉली लागते. कपाटावर धूळ नव्हती. सासूबाई खोकत नव्हत्या. ड्रिल मशीन चाललं असतं तर शेजारच्यांनी विचारलं असतं, काहून एवढा आवाज येऊन राह्यला. मी त्या उंबरठ्यावर उभी राहून काय म्हणाले? "भाऊ, काम लय स्वच्छ केलं." आणि चहा ठेवला. सहा महिने झाले, रात्री झोप मोडली की मला तोच चहा आठवतो.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, टाका आता टाइल्स. हेही तेव्हाच खटकायला हवं होतं. खरं प्लास्टर झालं असतं तर पाणी मारायलाच आठवडा गेला असता, आणि सुकायला त्याहून कितीतरी जास्त. पण टाइल्स येऊन पडल्या होत्या, ३२,२४० रुपयांच्या, बसवणारा मिस्त्री मोकळा होता, त्याचे १५,५०० वेगळे. पेरणीच्या आत घर आवरायचं होतं. कोणीही हेच केलं असतं.

ऑगस्टमध्ये पट्टीच्या वर काळे ठिपके आले, आणि पहिल्यापेक्षा वर, हातभर उंच. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्री काकांना बोलावलं. त्यांनी छिन्नीनं एक पट्टी उचकली. मागं जुनंच प्लास्टर, काळंकुट्ट, हातात पिठासारखं आलं. पाच इंचावर एक भोक धरलं तरी तीनशेच्या वर भोकं हवीत. एकही नव्हतं. वरून ब्लीचिंगचं पाणी मारून पुट्टी ओढली होती. ब्लीचिंगनं वरचा काळा रंग जातो, आतली ओल जात नाही. काका म्हणाले, पहिले शहाबादीच्या सांध्यांतून थोडी ओल वर निघून जायची, आता टाइल पाणी सोडत नाही, म्हणून सगळी भिंतीत चढली. आणि मूळ दुखणं तर बाहेर आहे. समोरचा सिमेंट रस्ता जुन्या रस्त्यावरच टाकला, तो घराच्या जोत्याच्या वर गेला, नाली बुजली, पाणी भिंतीला लागून उभं राहते. त्या माणसानं बाहेर जाऊन एकदाही पाहिलं नव्हतं. जो घराबाहेर फेरी न मारता आतल्या ओलीचा भाव सांगतो, त्याला परत पाठवा.

फरशीतून ओल येते का, हे मीटरवाल्याशिवायही कळते. प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा फरशीवर चारही बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवायचा. खालून थेंब आले तर ओल जमिनीतली. हे मला कोणी आधी सांगितलं नाही.

त्याचा फोन बंद. दुकानदार म्हणतो, आम्ही फक्त नंबर दिला. पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे, वकील पाहा". तिसऱ्यांदा मला विचारलं, काम पाहून पैसे दिले न तुम्ही? मग फसवणूक कशी? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी लिहिलं आहे? न केलेल्या कामाचे पैसे घेणं फसवणूक नाही तर काय आहे? चार तास बाकावर बसवून साधा अर्जही घेतला नाही, पोचही दिली नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून, ८० रुपये एसटीला देऊन बाई येते, तर तिला असंच हाकलायचं! नालीसाठी पंचायतीत दोन अर्ज दिले, निधी नाही म्हणतात. रस्त्याला निधी होता. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, कायद्यात तशी सोय आहे. मी स्पीड पोस्टानं पाठवली. पावती जपून ठेवा.

ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातही पहिलं वाक्य "वकील आणा" हेच. वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, ती अशाच चकरांत संपते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून आधी नोंद क्रमांक घ्या.

चिठ्ठीवर जीएसटी क्रमांकही छापला होता. तो पाहून आमच्या ह्यांना धीर आला होता. तालुक्याला हिशेबनीसानं मोजला तर चौदाच अक्षरं. खरा पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, आणि फोनवर फुकट तपासता येतो.

काकांनी खऱ्या कामाचा अंदाज ६१,००० दिला आहे, बाहेरची नाली खोल करण्यासकट. यंदाचा कापूस निघाला की एकच खोली करू. सासूबाईंची खाट ओसरीत आहे. आतल्या खोलीची पट्टी काढून भिंत उघडी ठेवली आहे, काका म्हणतात सुकू द्या.

चिठ्ठी निळ्या शाईची आहे, वर केमिकलच्या डब्याचं चित्र, "फूट" शब्द तिन्ही ठिकाणी "फुट" लिहिलेला. तशी चिठ्ठी तुमच्या किंवा माहेरच्या गावात कोणाकडे असेल तर फाडू नका, मला कळवा. एकाच माणसाविरुद्ध अनेकांना मिळून एकत्र तक्रार करता येते, आणि मला ती करायची आहे.