पुन्हा वाचलेले पुस्तक: ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ आणि राहून गेलेले जेवण

ई. नेसबिट यांची ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ ही इंग्रजी बालकादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती महाविद्यालयात असताना, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या एका जुन्या प्रतीवरून, दोन रात्रींत. या वर्षी जूनमध्ये ती पुन्हा काढली, कारण नऊ वर्षांच्या मुलीला रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी वाचून दाखवायचे होते. इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचे आणि तोंडाने मराठीत सांगायचे, अशा रीतीने अकरा प्रकरणे संपेपर्यंत दिवाळी आली. दोन रात्रींत जे नजरेतून निसटले होते, ते या संथ वाचनात दिसले.

पुस्तक १९०२ सालचे आहे. लंडनची पाच भावंडे केंट परगण्यातल्या एका घरी राहायला येतात. आई आजारी आजीकडे गेलेली, वडील कामासाठी बाहेर, आणि घरात फक्त नोकरमंडळी. जवळच्या खडीच्या खाणीत खणताना त्यांना एक वालुकापरी सापडते. परी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येते त्यातले तिच्याकडे काहीही नाही. गोगलगाईसारखे लांब शिंगांवरचे डोळे, वटवाघळाचे कान, कोळ्यासारखे गोल अंग, त्यावर दाट मऊ केस आणि माकडाचे हातपाय असा हा प्राणी, नाव सॅमीॲड, हजारो वर्षांचा, पाण्याला घाबरणारा आणि कमालीचा तिरसट. तो श्वास रोखून टम्म फुगतो आणि दिवसाला एक इच्छा पुरी करतो. सूर्य मावळला की सगळे पूर्ववत.

विशीत मला या पुस्तकातली जादू आवडली होती. आता वाटते की लेखिकेला जादूत फारसा रस नव्हताच. तिला रस होता तो जादू झालेल्या दिवशी मुलांच्या जेवणाचे काय होते यात. पहिल्याच दिवशी मुले अतिसुंदर होण्याची इच्छा करतात, तर त्यांचे धाकटे भावंड त्यांना ओळखत नाही, मार्था नावाची दाई परकी मुले समजून दार लावून घेते, आणि ही सौंदर्याची मूर्ती झालेली मंडळी दिवसभर उपाशी राहतात. पंख मिळतात त्या दिवशी भुकेपायी पाद्रीबुवांच्या कोठीतून कोंबडी, जीभ, पाव आणि सोडावॉटरची बाटली उचलावी लागते, आणि चर्चच्या मनोऱ्यावर पोटभर खाऊन डोळा लागतो तोच सूर्यास्त होतो. एका प्रकरणाचे तर नावच ‘किल्ला आहे, पण जेवण नाही’ अशा अर्थाचे आहे.

त्या किल्ल्याच्या प्रकरणाला आमच्याकडे तीन रात्री लागल्या. नोकरांना जादू दिसू नये, अशी अट मुलांनी आधीच घालून घेतलेली असते. त्यामुळे मुलांना घराच्या जागी वेढा पडलेला किल्ला दिसतो, पण मार्थाच्या लेखी घर जागच्या जागी आहे, आणि ती नेहमीप्रमाणे पाने मांडते. मुलांना ना टेबल दिसते, ना जेवण. हाताला मात्र लागते. ‘बाबा, मग ते आमटी सांडली तरी ओरडा खाणार नाहीत,’ असे आमच्या श्रोतीने शोधून काढले. (आमटी मूळ पुस्तकात अर्थातच नाही, ती आमच्या भाषांतरात शिरली.) याच अटीचा कळस पुढे येतो. रागाच्या भरात तोंडून निघालेल्या शब्दामुळे तान्हा लँब (धाकट्या भावंडाचे लाडाचे नाव) एका दिवसापुरता मिशीवाला, सायकलवाला, शिष्ट तरुण होतो, आणि मार्थाला तो बाळच दिसत असल्यामुळे ती त्या तरण्याताठ्या गृहस्थाला कडेवर घेऊन घरी नेते. हे मोठ्याने वाचताना मला दोनदा थांबावे लागले.

भाषांतराची भीती होती, पण बोलण्यातून फसण्याचा जो मूळ विनोद आहे, त्याला मराठीत घरचाच आधार मिळाला. आमच्या आजीच्या पिढीने ‘वेडेवाकडे बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते’ असे इतक्यांदा ऐकवले आहे की, सॅमीॲडचे काम मुलीला एका वाक्यात समजले. अवघड गेल्या त्या लेखिकेच्या मध्येच वाचकाकडे वळून केलेल्या टिप्पण्या. मुलांच्या रोजच्या गोष्टी लिहिल्या असत्या तर मोठ्यांनी समासात ‘किती खरे!’ असे लिहिले असते, असे ती सुरुवातीलाच बजावते. हा टोमणा मला कळला, मुलगी तशीच पुढे ऐकत राहिली.

तक्रारी आहेत. जिप्सींचे वर्णन आज खटकते, जरी बाळ परत देताना त्याला आशीर्वाद देणारी जिप्सी बाई हे पुस्तकातले सर्वांत मायाळू पात्र असले तरी. ‘रेड इंडियन’ लोकांचे प्रकरण मात्र निव्वळ त्या काळच्या साहसकथांतले सोंग आहे. मी ते थोडक्यात सांगून, असे का लिहिले जाई हे बोललो आणि पुढे गेलो. दुसरी तक्रार प्रतीबद्दल. या खेपेस मागवलेल्या स्वस्त आवृत्तीत एच. आर. मिलर यांची मूळ चित्रे नाहीत आणि एका पानाचा मजकूर दोनदा छापला आहे. सॅमीॲड चित्राशिवाय दाखवणे म्हणजे हत्ती शब्दांत समजावण्यासारखे. पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळे झाले असल्यामुळे सचित्र मजकूर इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. आधी तो पाहावा.

शेवटच्या प्रकरणात सॅमीॲड मुलांकडून वचन घेतो की आपल्याविषयी कुणाला सांगायचे नाही, कारण मोठी माणसे असल्या खुळचट इच्छा करणार नाहीत. ती चढत्या दराचा प्राप्तिकर, म्हातारपणाची पेन्शन, सर्व पुरुषांना मताधिकार, मोफत माध्यमिक शिक्षण असल्या कंटाळवाण्या गोष्टी मागतील, त्या त्यांना मिळतील, टिकतील, आणि जग उलटेपालटे होईल. विशीत हे वाक्य मी वाचल्याचेही आठवत नाही. नेसबिट फेबियन सोसायटीच्या, म्हणजे हळूहळू सुधारणा करत समाजवाद आणू पाहणाऱ्या ब्रिटिश संघटनेच्या, संस्थापकांपैकी एक होत्या हे ठाऊक असल्यावर, आपल्याच चळवळीच्या मागण्या त्या एका तिरसट प्राण्याच्या तोंडी किती गंभीर चेहऱ्याने घालतात, हे पाहून मी एकटाच हसलो. मुलीने विचारले, ‘पेन्शन संध्याकाळी नाहीशी का नाही होणार?’ ब्रिटनमध्ये तो कायदा १९०८ साली झाला आणि सूर्यास्तानंतरही राहिला, एवढे मला सांगता आले.