नवे टायर, 2018 चे

टायर घेताना त्यावरची तारीख बघावी, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आम्हालाही ठाऊक होतं, आणि बाबांनी दुकानात वाकून ती बघितलीही होती. तरी आमच्या स्कॉर्पिओला बसवलेल्या चार नव्या टायरांपैकी तीन सात वर्षं जुने निघाले. हे कसं केलं जातं ते सविस्तर लिहिते, कारण तारीख बघणाऱ्यालाही यात फसवता येतं.

गाडी 2013 ची, टायरचं माप 235/70 आर16. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या उतारावर ब्रेक मारला की मागची बाजू सरकायला लागली होती. नक्षी घासून टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या खुणेच्या, उंचवट्याला टेकली होती, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरवर आली होती. दसरा झाल्यावर, ऑक्टोबर 2025 मध्ये, चारही बदलायचं ठरलं. नाना पेठेत आणि सिंहगड रस्त्यावर भाव काढले, एका टायरला 8,800 च्या आसपास सांगत होते. सातारा रस्त्यावरच्या एका दुकानात तीच कंपनी, तेच पॅटर्न, 7,000 ला. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

एवढं स्वस्त कसं, असं बाबांनी विचारलंच. “काका, जीएसटी उतरलाय ना! आणि बारा वर्षांची गाडी, कशाला उगाच जास्त पैसे घालता?” ही दोन्ही वाक्यं लक्षात ठेवा, तुम्हालाही ऐकायला मिळतील. टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला हे खरं. पण म्हणजे 128 रुपयांची वस्तू 118 ला, जेमतेम आठ टक्के उतार. शिवाय तो सगळ्याच दुकानांना लागू होता, आणि आम्ही काढलेले भाव त्यानंतरचेच होते. दुसऱ्या वाक्याचा मला जास्त राग येतो. जुन्या जड गाडीचे धक्के झेलणारे शॉकअब आणि रबरी बुश आधीच थकलेले असतात, ब्रेक नव्या गाडीसारखे नसतात. अशा गाडीला तर टायर चांगलाच हवा.

आता मुख्य गोष्ट. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. काउंटरवर दाखवलेल्या टायरवर 0825 होतं, म्हणजे फेब्रुवारी 2025. अगदी ताजा माल. बाबांनी पसंत केला. मग तो टायर आणि त्याच्याबरोबर आतून आणलेले तीन असे चारही मागच्या बाजूला मशीनवर गेले, आणि आम्हाला पुढे बसवून चहा दिला.

हा तारखेसकट पूर्ण क्रमांक बहुतेक टायरांवर एकाच बाजूला कोरलेला असतो. दुसऱ्या बाजूला अर्धवट क्रमांक असतो, त्यात तारीख नसते. ज्या टायरवर ‘आउटसाइड’ असं लिहिलेलं नसतं आणि फिरण्याच्या दिशेचा बाणही नसतो, तो रिमवर कसाही चढवता येतो. ताजा टायर पुढच्या डाव्या चाकाला तारीख बाहेर ठेवून बसवला. बाकीच्या तिघांची तारीख आत, गाडीच्या पोटाकडे. पार्किंगमध्ये उभं राहून चारही चाकं बघितली तरी एकाच ठिकाणी तारीख दिसणार, आणि ती बरोबर असणार.

पिरंगुटजवळ मागचं डावं चाक पंक्चर झालं तेव्हा हे उघडं पडलं. पंक्चरवाल्याने चाक काढून आडवं टाकलं, ओल्या फडक्याने आतली बाजू पुसली. फडकं काळंकुट्ट झालं, टायर पॉलिशचा थर होता तो. खाली रबर तपकिरी, विटलेलं. त्याने खाच दोन अंगठ्यांनी फाकवून दाखवली. तळाशी केसासारख्या बारीक चिरा, एकीला लागून एक. मग पिवळ्या खडूने तारखेच्या लंबगोल चौकटीभोवती रेघ मारली: “ताई, 3818. 2018 चा सप्टेंबर. नवा म्हणून घेतलात का?” उजव्या मागच्या चाकाखाली मोबाइलचा टॉर्च धरला, स्टिअरिंग वळवून पुढचं उजवं चाक बघितलं. दोन्हीकडे 3818.

नक्षी मात्र पूर्ण होती. साच्यातून निघताना राहतात ते रबराचे केससुद्धा जागच्या जागी होते. केस आहेत म्हणजे टायर ताजा, असं पुष्कळ लोक समजतात. केस फक्त टायर वापरलेला नाही एवढंच सांगतात, वय सांगत नाहीत. आयएसआयचा शिक्काही वय सांगत नाही.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं होतं. आधी म्हणाला, “तो बॅच नंबर आहे.” मग म्हणाला, “पडून राहिलं म्हणून रबराला काय होतंय?” रबराला पुष्कळ काही होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता यांनी ते कडक होत जातं. ओझोनपासून वाचवण्यासाठी रबरात मेण घातलेलं असतं, आणि टायर फिरताना लवतो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं रचून ठेवलेल्या टायरला तेही पुरेसं मिळत नाही. कडक रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं, आणि आतले थर सुटायला लागले तर ते बाहेरून कळतही नाही. वेगात, भर उन्हात, गाडीत सात माणसं असताना काय होईल याचा विचारच करवत नाही. सहा-आठ महिने नीट ठेवलेल्या टायरबद्दल माझी तक्रार नाही. पण मिशलिनसारखी कंपनी पाच वर्षं वापरलेले टायर दरवर्षी तपासून घ्यायला सांगते, आणि इथे गाडीला लागण्याआधीच सात वर्षं उलटली होती.

बिल दाखवलं, तर त्यावर फक्त ‘टायर 4 नग’. क्रमांक नाहीत, वॉरंटी कार्ड कोरं. म्हणे, हे टायर आमच्याकडचेच कशावरून? शेवटी, तुम्ही आणखी पैसे भरलेत तर बदलून देतो म्हणाला. बाबांनी नकार दिला. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो.

टायर घ्यायला जाल तेव्हा चहाला बसू नका, मशीनपाशी उभे राहा. रिमवर चढवण्याआधी प्रत्येक टायरची तारीख स्वतः वाचा आणि ती बाजू बाहेर ठेवायला सांगा. ‘आउटसाइड’ लिहिलेल्या टायरची तारीख आत जात असेल, तर आधीच फोटो काढा. चारही पूर्ण क्रमांक पक्क्या जीएसटी बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. लिहायला कुरकुर केली तर सरळ दुसरं दुकान गाठा.

आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात टायर बदलले असतील, तर आजच टॉर्च घेऊन आतल्या बाजू बघा. जुनी तारीख निघाली तर टायर उतरवण्याआधी गाडीची नंबर प्लेट आणि तो क्रमांक एकाच व्हिडिओत सलग घ्या, बिल जपून ठेवा. आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.