दर्यापूर बस स्टँडजवळचं कार्डांचं दुकान

पोरीसाठी पोकेमॉनची, म्हणजे त्या कार्टूनमधल्या पात्रांची, खेळायची-जमवायची कार्डं मी इथूनच घेतो. चमचमती सोनेरी प्लास्टिकची नकली कार्डंही इथं आहेत, पण काका आधीच सांगतात, "हे खेळाचे हायेत भाऊ, जमवाचे नाही." असा दुकानदार मिळणं मोठी गोष्ट आहे.

अस्सल कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातली खूण त्यांनीच पोरीला शिकवली. गोल म्हणजे नेहमीचं, चौकट म्हणजे जरा कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मीळ. पण नुसत्या चांदणीनं भाव येत नाही. छापले किती, मागणारे किती अन् कोपरे शाबूत किती, यावर सगळं ठरतं. 'पिकाचू इलस्ट्रेटर' हे कार्ड तर दुकानात कधी आलंच नाही. जपानमध्ये १९९७-९८ साली चित्रस्पर्धांच्या विजेत्यांना ते बक्षीस मिळालं होतं. पीएसए या तपासणी कंपनीनं १० पैकी १० दर्जा दिलेलं त्यातलं एक कार्ड २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलरच्या व्यवहारात गेलं! पोरगी हे ऐकून थक्कच झाली.

कार्डांची पाकिटं महाग आहेत, पण अस्सल आहेत. फक्त कार्डाचे प्लास्टिक कव्हर इथं मिळत नाहीत, अमरावतीहून आणावे लागतात. कोपरा दुमडला की भाव पडतो, म्हणून काकांनी ते ठेवावेतच.