परमिट रूमचा परवाना: अर्ज ऑनलाइन, निकाल जागेवर

महाराष्ट्रात हॉटेलात बसून पिणाऱ्या गिऱ्हाइकाला विदेशी मद्य (व्हिस्की, रम वगैरे, भारतात बनलेलंही) द्यायचं, तर एफएल-3 म्हणजेच परमिट रूमचा परवाना लागतो. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पोर्टलवर भरता येतो, फीही तिथेच भरता येते. इथवर सेवा उत्तम. पण प्रकरण अडतं ते जागेवर, आणि ती नियमात बसते की नाही हे काही पोर्टल सांगत नाही. भाडेकरार करायच्या आधी ते आपणच तपासायचं.

शाळा, कॉलेज, प्रार्थनास्थळ, एसटी स्टँड यांच्यापासून 75 मीटर अंतर हवं. ते नकाशावर सरळ रेघ मारून मोजत नाहीत. हॉटेलच्या दाराच्या मध्यापासून संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, पायी जाणारा ज्या जवळच्या वाटेनं जाईल त्या वाटेनं टेप लावतात. त्यामुळे पाठीला पाठ लावून उभी असलेली शाळा आड येतेच असं नाही. तिचं फाटक कुठल्या रस्त्यावर उघडतं ते बघा. खासगी क्लास शैक्षणिक संस्थेत धरत नाहीत. देवळाच्या बाबतीत सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे का, हे धर्मादाय कार्यालयात पाहून घ्यावं. बहुतेक हरकती इथूनच निघतात. जागा हायवेलगत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे 2016-17 चे आदेशही लागू होतात: हायवेपासून 500 मीटर अंतर हवं, आणि 20,000 पर्यंत लोकवस्तीच्या हद्दीत 220 मीटर. पालिका हद्दीतल्या परवान्यांना त्यातून सूट मिळाली.

दुसरा घोळ नकाशाचा. जेवणाची जागा, परमिट रूम, स्टॉक रूम जशी मंजूर झाली तशीच राहिली पाहिजे. पुढे गच्चीवर चार टेबलं टाकली की ती मंजूर जागेबाहेरची विक्री ठरते आणि केस होते. एवढी जाचक शिस्त हवीच का? आमच्या मते हवी. शेजाऱ्यांना दाद मागायला हा मंजूर नकाशाच उपयोगी पडतो.

परवाना हातात आल्यावर रोजचं काम सुरू होतं. मद्य हाताळणाऱ्या प्रत्येक नोकराचा नोकरनामा (त्याच्या नावाची विभागाची परवानगी) काढायचा, ब्रँडनिहाय साठा रोजच्या रोज रजिस्टरला चढवायचा. सीलबंद बाटली पार्सल देता येत नाही, ते काम वाइन शॉपचं. गिऱ्हाईक 25 वर्षांचं पूर्ण हवं (बिअरला 21) आणि त्याच्याकडे पिण्याचा परवाना हवा: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा 5 रुपये, वर्षाचा 100, आजन्म 1,000. सगळ्या व्यवस्थेत स्वस्त आणि सोपी गोष्ट हीच, आणि काउंटरवर सर्वात जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होतं.

परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं. नूतनीकरणाची फी लोकसंख्येच्या टप्प्यानुसार ठरते, म्हणून तालुक्याच्या गावातला हिशेब मुंबई-पुण्याला लावू नका. भागीदार बदलायचा असेल किंवा जागा हलवायची असेल, तर त्याचा अर्ज वेगळा; तो नूतनीकरणात उरकत नाही.