मॅचिंग सेंटरमधला उजेड: स्पेक्ट्रोमीटर आणि ‘९५+’ ट्यूब आठ महिने वापरल्यानंतर

माझे ब्लाउजपीस आणि अस्तराचे मॅचिंग सेंटर आहे. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढते, आम्ही थान उलगडून काठाला लावून दाखवतो आणि मग कापड घेऊन दोघेही दारात उजेडाला जाऊन उभे राहतो. संध्याकाळी सातनंतर आणि ऐन पावसाळ्यात दारातही उजेड नसतो, आणि रंग जुळला नाही म्हणून परत आलेले बहुतेक तुकडे याच वेळचे असत. कापलेला तुकडा पुन्हा विकता येत नाही, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी हातात धरून वापरायचा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे उजेडात कोणता रंग किती आहे ते मोजणारे यंत्र, विकत घेतला. तो दुकानाच्या महिन्याच्या भाड्याहून महाग पडला.

पहिल्याच दिवशी जुन्या एलईडी ट्यूबखाली त्याने आरए ८२ आणि आर९ अवघा ६ दाखवला. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा, जास्तीत जास्त १०० चा, आकडा म्हणजे सीआरआय. खोक्यावर सीआरआय म्हणून छापला जातो तो आरए, म्हणजे आठ ठरावीक, बऱ्यापैकी फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी. गडद लाल रंगाचा नमुना, आर९, त्या सरासरीत धरलाच जात नाही. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारा लेप, चढवून केलेल्या साध्या पांढऱ्या उजेडात नेमका लाल भागच तोकडा असतो. आमच्याकडे तर निम्मे कपाट डाळिंबी, आमसुली, राणी आणि कुंकवाच्या लालाचे आहे. डाळिंबी आणि आमसुली ही थाने शेजारी ठेवली, की जुन्या ट्यूबखाली दोन्ही सारखीच मातकट दिसत.

नव्या ट्यूबची पहिली खेप एका दुकानदाराने ‘९५+’ म्हणून दिली. मोजल्यावर आरए ८९ आणि आर९ ४१ निघाला. आकडे दाखवल्यावर त्याने थोडी खळखळ करून माल बदलून दिला. दुसऱ्या खेपेत आरए ९६, आर९ ९१ आणि रंगतापमान (उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा; जितका कमी तितका उजेड पिवळसर) ५००० केल्विनच्या आसपास मिळाले. उजेड मात्र त्याच वॉटमध्ये जुन्यापेक्षा कमी पडला आणि दोन ट्यूब वाढवाव्या लागल्या. लाल भाग भरून काढला की प्रति वॉट ल्युमेन (उजेडाचे माप) घटतात, हे खरेदीपूर्वी धरून चालावे.

रंगतापमानाचा मुद्दा मला उशिरा उमगला. सीआरआय काढताना दिव्याची तुलना त्याच्याच रंगतापमानाच्या आदर्श प्रकाशाशी होते. त्यामुळे जुन्या पिवळ्या बल्बला जवळजवळ १०० मिळतात, पण त्याच्या उजेडात निळा भाग इतका कमी असतो की नेव्ही ब्लू आणि काळा यांतला फरक तिथे कळत नाही. ट्रायल रूममध्ये मी हौसेने ३००० केल्विनचे, आरए ९७ असलेले दिवे लावले होते; दिवाळीच्या तोंडावर काळ्या काठाला नेव्ही ब्लू ब्लाउजपीस गेला आणि दुसऱ्या दिवशी ते दिवे उतरले.

यंत्रावर टीएम-३० या, दिव्याचा उजेड पारखण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे आकडेही येतात. २०१५ साली आलेल्या या पद्धतीत ९९ नमुने आहेत. त्यातला आरएफ हा आकडा रंग किती खरा दिसतो ते सांगतो, तर आरजी १०० च्या वर गेला की रंग एकूणात अधिक भडक दिसत असल्याचे कळते. असा उजेड विक्रीला सोयीचा, मॅचिंगला घातक, असे माझे मत झाले आहे.

यंत्राबद्दल तक्रारी दोन. काळोखाचे कॅलिब्रेशन विसरले तर मंद उजेडात आकडे हेलकावे खातात. आणि लाल थानांच्या ढिगाजवळ धरले तर ते कापडावरून परतलेला उजेडही मोजते, म्हणून आता मी काउंटरवर पांढरी चादर अंथरून, दिवे वीस मिनिटे तापू देऊन मगच मोजतो. ट्यूबचा आरए आठ महिन्यांनी ९५ आहे.

परत येणारे तुकडे बरेच घटले, पण थांबलेले नाहीत. रेशमी साडी आणि सुती ब्लाउजपीस यांचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असल्याने एका उजेडात जुळलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटू शकते, मग ट्यूब कितीही चांगली असो. पांढऱ्याचे दुखणे तर आणखी निराळे आहे. अनेक शुभ्र कापडांना दिलेली चकाकी अतिनील किरणांनी उजळते, आणि आमच्या ट्यूबमध्ये ते किरण जवळजवळ नाहीत. त्यामुळे दुकानात मोतिया वाटलेला तुकडा उन्हात निळसर पांढरा झळकतो आणि आरए मात्र ९५ च राहतो. पांढऱ्यासाठी मी अजूनही गिऱ्हाइकाला स्वतः दारापर्यंत घेऊन जातो, आणि अंधार पडला असेल तर सकाळी यायला सांगतो.