एका माडीवर चार जमिनी: लाकूड जुळवावे की नाही, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर या फेब्रुवारीपासून चार वेगवेगळ्या लाकडी जमिनी एकमेकींना लागून आहेत. दिवाणखान्यात सासऱ्यांच्या आजोबांनी घातलेल्या सागवानाच्या रुंद फळ्या आहेत आणि झोपायच्या खोलीत त्याच काळातील मत्तीच्या. वाळवी लागलेला सज्जा काढून तो भाग आम्ही दिवाणखान्यात घेतला, तिथे नवे सागवान बसवले. मुलीच्या अभ्यासाच्या खोलीतील कुजलेल्या फळ्या काढून तिथे प्लायवूडचा पाया आणि वर ओकचा पातळ थर असलेली तयार, म्हणजे इंजिनिअर्ड, जमीन घातली. काम सुरू होण्यापूर्वी घरी आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत असे, की सगळे एकसारखे करून घेणार ना? दुकानदाराचे म्हणणे होते की जुन्यावर नवे घालून सारी माडी एका रंगाची करावी. आमच्या मेस्ताचे, म्हणजे सुताराचे, म्हणणे होते की जुन्या फळ्यांना रंधासुद्धा लावू नये. आता कोरडा उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, गर्दी या जमिनींनी अनुभवली असल्यामुळे, कोणता निर्णय टिकला आणि कोणता टिकला नाही हे अनुभवाने सांगता येते.

सर्वांत कमी त्रास झाला तो सागवान आणि मत्ती यांच्या बाबतीत, आणि ही लाकडे तर कोणी कधी जुळवलीच नव्हती. मत्ती म्हणजे घाटावरचा ऐन, आपल्या गोव्याचा राज्यवृक्ष. त्याचे लाकूड सागवानापेक्षा जड, गडद तपकिरी आणि काळसर रेघांचे असते. शेजारी सोनेरी सागवान ठेवले तर फरक लहान मुलालाही कळेल. तरीही दिवाणखान्यातून आत जाताना तो फरक कधीही खटकला नाही, कारण दोन्हींच्या मध्ये चार इंच रुंदीचा जुना उंबरठा आहे. उंबरठ्यावर पाऊल थांबते तशी नजरही थांबते, आणि पलीकडची खोली ही वेगळी खोली म्हणूनच दिसते. पूर्वीच्या सुतारांनी हे सौंदर्यासाठी केले की उपलब्ध लाकडाप्रमाणे केले, हे ठरवण्याची मला गरज वाटत नाही, परंतु त्यांनी ठेवलेला उंबरठा काढून जमीन सलग करण्याचा दुकानदाराचा सल्ला आम्ही मानला नाही, याचे मला मनापासून समाधान आहे.

चूक झाली ती जिथे आम्ही जुळवण्याचा सर्वाधिक प्रयत्न केला तिथे. सज्जाचा भाग दिवाणखान्याला जोडताना मधली भिंत काढली, त्यामुळे तिथे ना उंबरठा राहिला ना चौकट. जुने आणि नवे सागवान एकाच नजरेच्या टप्प्यात आले, म्हणून ते एकरूप दिसायलाच हवे असे मी ठरवले. जात एकच असल्यामुळे हे सोपे असेल असे वाटले होते. नवे सागवान रंधल्यावर फिकट, पिवळसर आणि हिरवट पट्ट्यांचे निघाले, आणि शेजारी शंभर वर्षे प्रकाश, तेल आणि पावले झेललेली मधाच्या रंगाची फळी. आम्ही फळीच्या तुकड्यांवर तीन प्रकारचे स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारे रंग, लावून पाहिले, ते तुकडे जुन्या जमिनीवर ठेवून सकाळी आणि दिवेलागणीला तपासले, आणि जो सर्वांत जवळचा वाटला तो लावला. फेब्रुवारीच्या अखेरीस सांधा शोधून काढावा लागत होता. मे महिन्यापर्यंत नवा भाग किंचित गडद वाटू लागला. चवथीला आलेल्या पाहुण्यांपैकी दोघांनी स्वतंत्रपणे विचारले की तिथे पाणी सांडले होते का.

कारण समजायला फार वेळ लागला नाही. ताजे सागवान प्रकाश आणि हवा लागताच आपोआप पिकत जाते, त्याचे हिरवट पट्टे मावळतात आणि रंग सोनेरी तपकिरी होतो. काळाने जे काम करायचे होते ते मी स्टेन लावून आधीच करून टाकले, आणि नंतर काळानेही आपले काम केलेच. खिडकीजवळ ठेवलेला सासूबाईंचा पेटारा ऑक्टोबरमध्ये हलवला तेव्हा त्याखालचा चौकोन अजून फेब्रुवारीच्याच रंगाचा होता, आणि तो जुन्या फळ्यांशी तंतोतंत जुळत होता. ते पाहून मला खरोखर वाईट वाटले. स्टेन न लावता नुसते तेल लावले असते, तर पहिले काही महिने तो भाग फिकट दिसला असता, पण त्यानंतर तो जुन्याकडे सरकत गेला असता, त्याच्यापासून दूर गेला नसता.

रंगापेक्षाही अधिक जाणवणाऱ्या दोन गोष्टींकडे तेव्हा आमचे लक्ष गेले नव्हते. पहिली म्हणजे फळीची रुंदी. जुन्या फळ्या आठ-नऊ इंच रुंद आहेत, नव्या चार इंचांच्या मिळाल्या. रंग कितीही जुळला तरी रेघांची घनता बदलल्यामुळे डोळ्याला सीमा दिसतेच. दुसरी म्हणजे चकाकी. जुनी जमीन तेलाने पुसलेली, मंद आहे, तर नव्या भागावर पॉलिशवाल्याने पॉलियुरेथेनचा, म्हणजे कठीण पारदर्शक लेपाचा, अर्धचकाकीचा थर दिला, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे ऊन आले की एक भाग उजळतो आणि दुसरा उजळत नाही. ज्यांना जुळवायचेच असेल त्यांनी आधी चकाकी, मग रुंदी व फळ्यांची दिशा आणि सर्वांत शेवटी रंग पाहावा, असे माझे मत झाले आहे.

अभ्यासाच्या खोलीतील ओक आम्ही जाणूनबुजून फिकट ठेवला. खोली उत्तरेची आणि अंधारी आहे, आणि तिथे उंबरठा आहे. नऊ महिन्यांत या जमिनीने एकदाही आम्हांला तो निर्णय चुकल्यासारखे वाटू दिले नाही. इथे ओकविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. सागवानाची ख्याती त्याच्या स्थैर्यामुळे आहे. लाकडातील ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर सपाट कापलेली 150 मिलिमीटर रुंदीची सागवानाची फळी सुमारे 1.1 मिलिमीटर फुगते, तर पांढऱ्या ओकची अखंड फळी सुमारे 2.2 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत हा फरक क्षुल्लक नाही. म्हणूनच ओक घ्यायचाच असेल तर अखंड न घेता आडव्या-उभ्या थरांच्या पायावरचा घ्यावा, आणि भिंतीलगत फुगण्यासाठी जागा सोडावी. आमच्याकडे पावसाळ्यात ओकच्या फळ्या हलल्या नाहीत, मात्र उंबरठ्यालगतची धातूची पट्टी जागा कमी सोडल्यामुळे जुलैत उचलली गेली आणि पुन्हा बसवावी लागली. जुन्या सागवानातील एप्रिलमधल्या फटी त्याच महिन्यात मिटल्या होत्या.

आपल्या घरांत माणसे अनवाणी वावरतात, आणि डोळ्याच्या आधी तळपायाला फरक कळतो, हे मला सासूबाईंमुळे समजले. जुन्या फळ्यांपेक्षा नव्या पाच मिलिमीटर कमी जाडीच्या होत्या, आणि सुरुवातीला त्यांच्याखाली पुरेशी भरणी न केल्यामुळे सांध्यावर बारीक कड राहिली. गुडघेदुखीमुळे त्या पाय फारसा न उचलता चालतात. रंगाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पण पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, ‘सूनबाई, इथे पाय अडतो गं.’ मेस्ताने ती कड घासून उतरती केली. दोन लाकडे रंगाने विजोड असली तर माणूस आठवडाभरात सरावतो, पण उंचीने विजोड असली तर कोणीतरी पडते, त्यामुळे मोजमाप घेताना सर्वांत आधी जाडी पाहिली पाहिजे.

देखभालीचा भार मात्र वाढला आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते. तेलाची जमीन जिथे खरवडली तिथेच पुसून दुरुस्त होते, पॉलियुरेथेनचा थर डागाळला तर बहुधा सगळा भाग घासावा लागतो. दोन्हींसाठी वेगळी फडकी ठेवली आहेत आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना ती समजावून द्यावी लागली. जास्त पाणी कोणत्याच जमिनीवर चालत नाही. पावसाळ्यात कपाटांच्या खाली बुरशीचा पांढरा थर चारही लाकडांवर सारखाच आला, आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्यावर तो पुन्हा आला नाही.

डिसेंबरच्या मध्यात, हवा कोरडी झाल्यावर, मेस्त सज्जाच्या भागावरचा पॉलिश आणि स्टेन दोन्ही घासून काढणार आहेत, आणि त्यावर जुन्या जमिनीला लावतो तेच तेल लागेल. जिथे पूर्वी भिंत होती तिथे जपून ठेवलेल्या मत्तीच्या तुळईतून कापलेली तीन इंचांची पट्टी, दोन्हीकडच्या जमिनीशी समपातळीत, आडवी बसवायची ठरली आहे. तिची फळी सध्या माडीवरच, पंख्याखाली, हवेशी जुळवून घेत पडली आहे.