ओठ शाबूत ठेवून अक्कलदाढ काढणारा सांगलीच्या विश्रामबागेतला दवाखाना

मी बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतो. वय 31, राहायला माधवनगरला, ऑर्डरी सांगली-मिरजेपासून तासगाव, जतपर्यंत. हे सुरुवातीलाच सांगायचं कारण म्हणजे या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी नाव लिहून घेतल्यावर "कुठं दुखतंय?" असं नाही, तर "काम काय करता?" असं विचारलं. त्या एका प्रश्नानं माझं पुढचं सगळं बदललं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

दुखणं खालच्या उजव्या अक्कलदाढेचं. निम्मी वर आलेली, निम्मी हिरडीखाली. मागच्या निम्म्या भागावर हिरडीचं झाकण आणि त्याच्याखाली कप्पा. भडंग खाल्लं की शेंगदाण्याचं साल नेमकं तिथं जाऊन बसायचं. ब्रश पोचत नाही, जीभ पोचते पण निघत नाही. दोन दिवसांनी घाण वास, मग सूज, मग गिळताना कानापर्यंत कळ. मार्गशीर्षातल्या लग्नात तोंड दीड बोटाच्या वर उघडेना. माउथपीस कसाबसा आत गेला, पण ओठ आवळला की डोळ्यांतून पाणी. आईनं लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, त्यानं तर हिरडी भाजून पांढरी पडली. कुणी करू नका.

त्याआधी वर्षभर मी दुसरीकडं जात होतो. नाव लिहीत नाही. तीनदा गोळ्यांचा कोर्स झाला. सूज उतरायची आणि दोन-तीन महिन्यांत परत यायची. एकदा हिरडीचं झाकण कापलं, तेही पुन्हा वाढलं. शेवटी "बुधवारी या, दहा मिनिटांत काढून टाकतो" असं सांगितलं. हातात होता तो एका दाढेचा छोटा एक्स-रे, त्यात मुळांची टोकंसुद्धा आली नव्हती. मी गेलो नाही. आमच्या बँडमध्ये एक जुने ट्रम्पेटवाले होते. दाढ काढल्यावर त्यांचा खालचा ओठ निम्मा बधिर राहिला तो राहिलाच. त्यांनी ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि झांजा घेतल्या. लहानपणी मी ते बघितलंय.

क्लॅरिओनेट कसं धरतात ते माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वरचे दात माउथपीसवर टेकतात. खालचा ओठ खालच्या दातांवर आत दुमडायचा आणि त्याच्यावर रीड ठेवायची. रीड म्हणजे बोरूसारख्या जाड गवताची पट्टी, टोकाला कागदासारखी पातळ. ती किती थरथरते हे ओठाला कळतं, तेव्हा सूर लागतो. म्हणजे माझा खालचा ओठ हाच माझा कान आहे.

मॅडमना हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि रीडच्या जागी बोट धरून ते ओठावर कसं दाबतो ते मला करून दाखवायला लावलं. त्या नुसत्या दातांच्या डॉक्टर नाहीत, तोंड आणि जबड्याच्या सर्जरीचं एमडीएस, म्हणजे बीडीएसच्या पुढचं शिक्षण, केलेल्या आहेत. साधी दाढ कुणीही चांगला दंतवैद्य काढतो. अर्धवट अडकलेली असेल तर असा सर्जन बघावा, हे मला तिथं जाऊन कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी खालच्या दाढेला हात लावला नाही. सूज असताना कापायचं नाही म्हणाल्या. झाकणाखालचा कप्पा सलाइननं धुऊन काढला आणि वरची अक्कलदाढ बघितली. ती पूर्ण उतरलेली होती आणि प्रत्येक घासाला खालच्या सुजलेल्या हिरडीवर आदळत होती. माझी सूज परत परत का यायची त्याचं एक कारण तेच! वर्षभरात हे कुणी बघितलं नव्हतं. आठवड्यानं सूज बसल्यावर वरची दाढ काढली, पाच मिनिटं लागली असतील. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, म्हणून दोन आठवडे फुंकायचं नाही आणि नाक जोरात शिंकरायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

खालच्या दाढेसाठी आधी ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकच लांब फोटो. दाढ पुढच्या दाढेवर कलंडलेली. जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातली नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. माझ्या दाढेची मुळं त्या नळीवर पडलेली दिसत होती आणि जिथं एकमेकांवर आली तिथं मूळ काळसर झालं होतं. ती खूण धोक्याची असते, असं मॅडमनी पेन्सिलीनं दाखवलं. पण ओपीजी सपाट असतो, मूळ नळीला चिकटलंय की नुसतं तिच्या समोर आहे हे त्यात कळत नाही. म्हणून मिरजेला जाऊन सीबीसीटी काढला, म्हणजे जबड्याचा सगळ्या बाजूंनी दिसणारा थ्रीडी स्कॅन. त्यात एक मूळ आणि नळी यांच्यामध्ये हाडाचा पापुद्राही दिसला नाही.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. अख्खी दाढ काढायची, तर ओठ बधिर होण्याचा धोका माझ्या बाबतीत नेहमीपेक्षा जास्त. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत, महिन्यांत जातो, पण काहींचा कायम राहतो. दुसरी वाट म्हणजे दाढेचं डोकं कापून काढायचं आणि मुळं जागच्या जागी ठेवायची. याला कॉरोनेक्टॉमी म्हणतात. मी घाबरून विचारलं, "मॅडम, मुळं आत सडणार नाहीत का?" दाढेत कीड मुळापर्यंत गेली असेल किंवा दाढ हलत असेल तर हे करतच नाहीत, असं त्या म्हणाल्या. मुळं निरोगी असतील तर हाडाच्या कडेपेक्षा तीन-चार मिलिमीटर खाली कापून वरून हिरडी शिवतात, मुळांचं रूट कॅनालही करत नाहीत. त्यांच्यावर हळूहळू हाड भरतं. बऱ्याचदा मुळं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत थोडी वर सरकतात, म्हणजे नसेपासून लांब जातात. पुढं त्रास झालाच तर तेव्हा काढणं सोपं पडतं. आणि कापताना मुळं सैल झाली तर मात्र त्याच वेळी काढावी लागतील, हे त्यांनी तीनदा बजावलं. सहीच्या कागदावरही ते मराठीत लिहिलेलं होतं.

मी चार दिवस मागून घेतले आणि आण्णांशी बोललो. आण्णांनीही आयुष्यभर बँडच केला. ते एवढंच म्हणाले, "मुळं राहू देत, ओठ राहू दे."

ऑपरेशनला पितृपंधरवडा धरला, कारण त्या दिवसांत बँडला काम नसतं. आई नको म्हणत होती, पितृपक्षात कापाकापी नको. पण ओठाला पुरती विश्रांती द्यायला मला वर्षात तेवढाच काळ मिळतो.

भूल देण्याआधी मॅडमनी डोळे मिटायला सांगितले आणि ओठावर, हनुवटीवर कापूस फिरवला, मग पिन टेकवली. कुठं काय जाणवतंय ते एका कागदावर उतरवून घेतलं. नंतर तुलना करायला आधीची नोंद हवी म्हणाल्या. मग इंजेक्शन. पाच-सात मिनिटांत ओठ लाकडासारखा झाला. दुखलं अजिबात नाही. दाब जाणवतो, ड्रिलचा आवाज कवटीत घुमतो आणि पाण्याचा फवारा सतत चालू असतो, कारण हाड तापू द्यायचं नसतं. चाळीसेक मिनिटांत टाके घालून झाले. मुळं हलली नाहीत. कापलेलं डोकं ट्रेमध्ये दाखवलं. त्याच्या मागच्या बाजूला, जिथं ब्रश कधी पोचला नव्हता, तिथं तपकिरी कीड सुरू झाली होती.

घरी तोंडात गॉज दाबून पडलो. बर्फ वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा. थुंकायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, पहिला दिवस चूळही भरायची नाही, रक्ताची गुठळी हलता कामा नये. तंबाखू-मावा तर नाहीच. मी खात नाही, पण दवाखान्यात खिडकीत बसलेल्या दोघांना मॅडम त्यावरून चांगलंच सुनावत होत्या.

दुपारी बारा वाजता भूल दिलेली. तीन वाजता जीभ सुटली. ओठ सुटेना. मी एक नवी रीड धुऊन उशाशी ठेवली होती. दर थोड्या वेळानं तिची कड ओठाला लावून बघायचो. काहीच नाही, जणू दुसऱ्याच्या ओठाला लावतोय. साडेचारच्या सुमारास हनुवटीला मुंग्या आल्या. पाच वाजून गेल्यावर रीड टेकवली आणि तिची पातळ कड कळली. आधी दाब, मग गारवा, मग तिच्यावरच्या उभ्या रेषासुद्धा. आई दारात उभी होती. मी काही बोललो नाही, नुसता हात वर केला.

सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती, मग उतरली. आठ दिवस मऊ भात, आंबील, ताकातला कुस्करा. सातव्या दिवशी टाके काढले. क्लॅरिओनेट चार आठवडे बंद ठेवलं, त्यात नवरात्राच्या ऑर्डरी गेल्या. मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं, त्यामुळं बँडच्या मालकांना माझ्या जागी वेळेत माणूस बघता आला.

खर्च: वरची दाढ 800, ओपीजी 400, सीबीसीटी 2,000, खालचं ऑपरेशन 8,500, औषधं वेगळी. टाके काढायचे आणि नंतरच्या तपासणीचे पैसे घेतले नाहीत. आकडे आधी कागदावर लिहून दिले आणि शेवटी तेवढेच लागले.

तक्रारी दोन. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. दुसरं म्हणजे दिलेल्या वेळेनंतर दीड तास बसावं लागतं, कारण मॅडम प्रत्येकाशी असंच बोलतात. सकाळचा पहिला नंबर घ्या. ऑपरेशनच्या रात्री साडेनऊला त्यांनी स्वतः फोन केला आणि "ओठ आला का?" एवढंच विचारलं.

अक्कलदाढ आहे म्हणून काढायलाच जाऊ नका. माझ्या भावाची सरळ, पूर्ण आलेली आणि स्वच्छ आहे. ती त्यांनी बघितली आणि राहू द्या म्हणाल्या, तपासणीचेच पैसे घेतले. पण अर्धवट आलेली, परत परत सुजणारी असेल आणि कुणी मोठ्या फोटोशिवाय काढायला निघालं असेल, तर आधी नस कुठं आहे ते विचारा. आणि तुमचं काम काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा पेटी उघडली. दहाच मिनिटं, खालच्या सप्तकात, हळू. आण्णा बाजूला बसले होते. थांबल्यावर म्हणाले, "षड्ज जरा उतरलाय, उद्यापासून रियाझाला बस." सहा महिन्यांनी पुन्हा ओपीजी काढायचाय, मुळं किती सरकली ते कळेल. तेव्हा इथंच लिहीन.